पोरांना मैदानावर न्या

"सर, तुम्ही उर्दू शिकवता. पोरांना फुटबॉल दाखवत फिरायला तुम्हाला सांगितले कुणी?"

जुम्याच्या नमाजनंतर आमच्या मोहल्ल्यातील एका बुजुर्गांनी मला हा सवाल केला. मशिदीच्या पायऱ्यांवर वाद घालणे बरे दिसत नाही, म्हणून तिथे गप्प राहिलो. उत्तर इथे देतो.

मी खंडाळ्यात राहतो. लोणावळ्याजवळच्या नव्हे, साताऱ्यातल्या. मागे एका रविवारी माझा नववीतला मुलगा आणि त्याच्याच वयाचा भाचा, दोघांना एसटीत घालून कोल्हापूरला गेलो आणि छत्रपती शाहू स्टेडियमवर एक सामना पाहिला. माझा गुन्हा एवढाच.

कोल्हापूरचे हे संघ आयएसएल किंवा आय-लीगच्या यादीत सापडणार नाहीत. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब अशी त्यांची नावे. तालमींची मंडळे फुटबॉल खेळू लागली आणि पेठांची ईर्षा आखाड्यातून मैदानात उतरली. 2017 मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहरातला. आम्ही पाहिलेला सामना कुणाचा होता ते मात्र सांगणार नाही. सांगितले तर कोल्हापूरचे वाचक माझा मुद्दा सोडून त्याच्यावरच भांडत बसतील.

शब्द दिसला की मी थांबतो, पेशाच तसा. 'तालीम' हा अरबी शब्द. उर्दूत त्याचा अर्थ शिक्षण. मराठीने त्याला लाल माती लावली आणि व्यायामशाळा केली. मैदान, कुस्ती, पैलवान, शाबास हे सगळे फारसीतून आलेले. 'दिलबहार'बद्दल तर बोलायलाच नको. हे शब्द आपले की परके, असा प्रश्न गॅलरीत कुणालाच पडत नाही.

आता बुजुर्गांच्या हरकतींकडे येतो. पहिली हरकत दीनची: खेळ बघणे म्हणजे वेळेची नासाडी. सहीह बुखारीत ईदच्या दिवसाचा प्रसंग आहे. हबशी लोक मशिदीतच भाल्यांचे खेळ करत होते आणि प्रेषित (स.) यांनी हजरत आयेशा (र.) यांना चादरीआडून, त्यांचे मन भरेपर्यंत तो खेळ बघू दिला. मी आलिम नाही. पण ज्यांनी ही हदीस माझ्यापेक्षा जास्त वेळा वाचली आहे, त्यांनी ती पोरांनाही सांगावी.

दुसरी हरकत खरी आहे, आणि ती उघड कुणी बोलत नाही. ती भीतीची आहे. जून 2023 मध्ये मोबाइलच्या स्टेटसवरून कोल्हापुरात दगडफेक झाली, इंटरनेट बंद झाले. त्याच सप्टेंबरात आमच्या जिल्ह्यात, पुसेसावळीत, मशिदीवर हल्ला झाला आणि एका तरुणाचा जीव गेला. तेव्हापासून आमच्या घरांत एकच वाक्य चालते: गर्दीत जाऊ नका. माझी बायकोही निघताना तेच म्हणाली. तिला खोटे ठरवण्याची माझी हिंमत नाही. पण पोराला गर्दीपासून किती वर्षे लांब ठेवायचे? कॉलेज ही गर्दी आहे, शिरवळची एमआयडीसी ही गर्दी आहे. त्याला शेवटी जायचे तिथेच आहे.

गॅलरीत सगळे गोड होते असे लिहून मी तुम्हाला फसवणार नाही. पंचाला ज्या शिव्या बसल्या त्या मला व्याकरणासकट नवीन होत्या. एका कोपऱ्यातून संघाच्या नावाऐवजी धर्माची घोषणा उठली, तेव्हा भाच्याने माझी बाही धरली. मुस्लिमेतर वाचकांना एवढेच सांगायचे आहे: गोल झाला की तालमीचे नाव घ्या. तुमच्या संघातही अशी नावे आहेत ज्यांना ती घोषणा टोचते.

माझ्या मुलाच्या अंगात लिव्हरपूलचा लाल शर्ट होता, पाठीवर सलाह आणि 11. एका गोलला तो उभा राहिला तो बसेचना. मागून आवाज आला, "ए सलाह, खाली बस की, दिसंना झालंय!" आसपासचे दहा-बाराजण हसले, माझा मुलगा सर्वांत मोठ्याने हसला. मध्यंतरापर्यंत त्याला सगळे त्याच नावाने हाका मारत होते आणि कुणीतरी शेंगदाण्याची पुडी त्याच्या हातात दिली होती. असरची नमाज आम्ही सामना संपल्यावर स्टँडजवळच्या मशिदीत पढलो.

2024 च्या ईदला 'मैदान' चित्रपट आला, तेव्हा आपल्या ग्रुपांवर रहीमसाहेबांचा किती अभिमान वाहत होता! सय्यद अब्दुल रहीम हैदराबादचे, पेशाने शिक्षक. त्यांच्या हाताखाली भारताने 1951 आणि 1962 मध्ये आशियाई सुवर्णपदक जिंकले, 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळवला. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांपैकी किती जणांनी मोहल्ल्यातल्या पोरांना एक चेंडू घेऊन दिला? जलशाच्या मांडवाला आणि भोंग्यांना वर्गणी निघते, चेंडूला निघत नाही.

आणि आम्ही शिक्षक? शिक्षण हक्क कायदा 2009 चा. शाळेला मैदान हवे, असे त्याच्या परिशिष्टातच आहे. कित्येक उर्दू शाळांत मैदान म्हणजे प्रार्थनेला मुले उभी राहतात तेवढी फरशी. त्यावरही खेळाचा तास असतो, तो दहावीच्या वर्गाचा आम्ही व्याकरणासाठी काढून घेतो. मी स्वतः घेतला आहे, अनेकदा, आणि वर पालकांकडून कौतुकही करून घेतले आहे. पोरगा मग खाटेवर पडून मोबाइलवर मँचेस्टरचे सामने बघतो आणि आम्हीच म्हणतो, आजकालची पोरे घराबाहेर पडत नाहीत.

कोल्हापुरातले मुसलमान मैदानावर नाहीत, असे मी म्हणत नाही. ते खेळतात, शिव्याही देतात. मी बोलतो आहे ते आमच्यासारख्या तालुक्याच्या गावांतल्या, मशीद ते दुकान, दुकान ते घर एवढ्यातच पोरे वाढवणाऱ्या माणसांबद्दल.

पुढच्या हंगामात वर्गातली पंधरा मुले न्यायची आहेत. पालकांकडून संमतीपत्रे मागितली, आतापर्यंत चार आली. पाचवे माझ्या सहावीतल्या मुलीने स्वतःच्या हाताने लिहून माझ्या बॅगेत टाकले आहे. सही तेवढी आईची घ्यायची राहिली, म्हणते.