टिपेश्वरचा मुरूम तसाच राहू द्या

पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्यात जिप्सी शिरली की डांबर मागे पडते आणि सागवनातला मुरमाचा कच्चा रस्ता सुरू होतो. टेकड्या ठेंगण्या, चढ सोपे. घाटातली छातीत धडकी भरवणारी वळणे इथे नाहीत.

या रस्त्याचे खरे मोल त्याच्या संथपणात आहे. गाडी सावकाश चालते, म्हणून झाडीत थबकलेले सांबर दिसते. धुळीत उमटलेला वाघाचा पंजा कुठल्या दिशेने गेला, हे वाटाड्या दाखवू शकतो. डांबरावर ठसे उमटत नाहीत.

जेमतेम १४८ चौरस किलोमीटरचे हे जंगल. इथून २०१९ मध्ये निघालेला 'वॉकर' वाघ महाराष्ट्र-तेलंगणातून सुमारे ३,००० किलोमीटर फिरून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. वाटेत शेते, वस्त्या, महामार्ग. ज्या प्राण्याला बाहेर इतके अडथळे पार करावे लागतात, त्याच्या घरात तरी भरधाव गाड्या नकोत.

गावांना पक्के रस्ते मिळालेच पाहिजेत. दवाखाना आणि शाळा त्यांवरच अवलंबून असतात. पण अभयारण्याच्या आत मुरूमच हवा. पावसाळ्यानंतर त्याची डागडुजी करावी, एवढे पुरे. आणि पर्यटकांनी वाघ गाठण्यासाठी चालकाला गाडी पळवायला सांगू नये.