ग्रिडचे गणित हीदेखील पायाभूत सुविधाच

३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेचे ग्रिड उर्वरित देशाशी जोडले गेले आणि साऱ्या भारताची वीज ५० हर्ट्झच्या एकाच तालावर वाहू लागली. हे जाळे कमीत कमी खर्चात चालवणे हा मुळात बहुपदींचा प्रश्न आहे. कारण वाहिनीतील वीज व्होल्टेजच्या गुणाकारांवर ठरते. अशा प्रश्नात दऱ्या अनेक. हाती लागलेली दरीच सर्वांत खोल, याची हमी नसते.

सुलभीकरण उपयोगी पडते ते इथे. गुणाकारांच्या जागी नवी चले घेऊन काही अटी शिथिल केल्या, की ‘याहून कमी खर्च अशक्य’ अशी मर्यादा मिळते. प्रत्येक उपकेंद्र मोजक्याच शेजाऱ्यांशी जोडलेले असल्याने महाकाय गणिताचे लहान तुकडेही पाडता येतात. ते सोडवणाऱ्या अंतर्बिंदू पद्धतींना १९८४मध्ये नवे बळ दिले ते नरेंद्र करमरकरांनी.

ही मर्यादा दरवेळी गाठता येतेच असे नाही. पण सुधारणेला जास्तीत जास्त किती वाव आहे, हे तरी कळते. सौर आणि पवन ऊर्जेचे चढउतार वाढत असताना, विजेचे वेळापत्रक दर १५ मिनिटांच्या हिशेबाने आखणाऱ्या देशाने मनोऱ्यांइतकेच या गणितालाही महत्त्व द्यायला हवे. टाळता येण्याजोगा खर्च अखेर ग्राहकाच्या बिलातूनच वसूल होतो.