वांग, टॅन आणि 'ती ट्यूब'

एप्रिल-मे म्हणजे आंबे, लग्नं आणि चेहऱ्याची काळजी. नात्यातल्या निदान तिघी-चौघी तरी दर वर्षी मला विचारतात, "उन्हाने चेहऱ्याची पार वाट लागलीय गं, काहीतरी सांग ना." मी फार्मसी शिकले आणि काही वर्षं मेडिकलच्या काउंटरमागे उभी होते, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. गंमत अशी की मी तोंड उघडायच्या आत दुसरीच कुणीतरी उत्तर देऊन मोकळी होते. "अगं, ती ट्यूब आण. आठ दिवसांत फरक! माझ्या जावेने लावली होती." झालं. मग माझं कोण ऐकतंय?

म्हणून आज सविस्तर भांडायचं ठरवलंय. आत्या, तू हे वाचणार आहेस हे मला ठाऊक आहे. रागावलीस तरी शेवटपर्यंत वाच.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगते. उन्हाने झालेलं नुकसान आणि आपला मूळ रंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या एकच आहेत असं आपल्याला पटवून देणाऱ्यांनी उन्हापेक्षा जास्त चेहरे बिघडवले आहेत.

आधी उन्हाचं बघू. उन्हातले अतिनील किरण दोन प्रकारे त्रास देतात. यूव्हीबी वरच्या थरात भाजतात. यूव्हीए खोल जातात आणि त्वचेला ताण देऊन धरणारे कोलॅजनचे धागे हळूहळू तोडतात. त्यातून सुरकुत्या, खरखरीतपणा, डाग हे सगळं येतं. काच यूव्हीबी बरेचसे अडवते, यूव्हीए मात्र आत येऊ देते. २०१२ साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात एका ट्रकचालकाचा फोटो छापून आला होता. वय ६९, त्यातली २८ वर्षं ट्रक चालवण्यात गेलेली. खिडकीकडचा डावा गाल असा जाड आणि सुरकुतलेला, की एकाच माणसाचे दोन वयांतले अर्धे चेहरे जोडलेत असं वाटावं. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे आपल्या ड्रायव्हरदादांची उजवी बाजू त्या खिडकीला.

मग टॅन म्हणजे काय? ऊन वाढलं की त्वचा जास्त मेलॅनिन तयार करते आणि ते पेशींवर छत्रीसारखं धरते. काळवंडणं म्हणजे ही उघडलेली छत्री. ऊन लागल्याची ती खूण आहे हे खरं, पण ती घाण नव्हे. ती घासून निघत नाही. ऊन टाळलं तर काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत ती आपोआप उतरते. आपल्यासारख्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत हे मेलॅनिन मुळातच जास्त असतं, त्यामुळे सुरकुत्या उशिरा येतात, पण डाग मात्र पटकन पडतात. गालांवरचे, कपाळावरचे वांगाचे डाग हे त्यातलंच एक दुखणं. त्यात ऊन असतं, हार्मोन्स असतात, बाळंतपण असतं, घराण्याचा वारसाही असतो.

आता 'ती ट्यूब'. दुकानात ती साध्या क्रीमसारखी ठेवलेली असते, पण खोक्यावरचं बारीक अक्षर वाचा. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं नाव सापडेल. ही सगळी स्टेरॉइडं. जोडीला बहुतेक वेळा हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन. हे मिश्रण काही कुणा भोंदूने काढलेलं नाही. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या क्लिगमन आणि विलिस या त्वचातज्ज्ञांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड एकत्र करून डागांवरचा उपाय म्हणून मांडलं. २००२ मध्ये तिथे अशाच एका क्रीमला वांगासाठी परवानगी मिळाली, ती जास्तीत जास्त आठ आठवड्यांच्या उपचारासाठी आणि डॉक्टरच्या देखरेखीखाली. ते आठ आठवडे आपल्याकडे येता येता आठ वर्षं कधी झाले ते कळलंच नाही!

स्टेरॉइड सुरुवातीला कमाल करतं. रक्तवाहिन्या आकसतात, लाली जाते, मेलॅनिन कमी बनतं, चेहरा गोरा आणि नितळ दिसतो. जावेचा तो 'आठ दिवसांतला फरक' खोटा नव्हे. पण नवव्या आठवड्यानंतरची गोष्ट जाऊबाई सांगत नाहीत. त्वचा कागदासारखी पातळ होते, लाल शिरांची जाळी दिसू लागते, पुटकुळ्या येतात, नको तिथे केस येतात. आणि ट्यूब थांबवली की आग आग होते, म्हणून पुन्हा तीच लावायची. दारूसारखंच हे. सगळ्यात कडू विनोद म्हणजे अशा चेहऱ्याला ऊन आधीपेक्षाही सोसवत नाही. उन्हाचं नुकसान भरून काढायला निघालेली बाई उन्हात पाऊल टाकू शकत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. काउंटरवर एक भाजीवाल्या मावशी यायच्या. संपलेली ट्यूब चपटी करून पदराच्या गाठीत बांधून आणायच्या, म्हणजे नाव चुकायला नको. गाल लालभडक, वर बारीक शिरा. म्हणायच्या, "दोन दिवस न्हाई लावली तर चटणी चोळल्यागत व्हतंय बघ." मी म्हटलं, मावशी, चिठ्ठीशिवाय देणार नाही, आणि मुळात तुम्हाला चामडीच्या डॉक्टरकडे जायला हवं. सरकारी दवाखान्याची वेळही लिहून दिली. त्या शांतपणे म्हणाल्या, "पोरी, त्या दिवशी माझा धंदा कोन करनार? पलीकडचा देतोय की." आणि पलीकडच्याने दिली.

हा काही एका दुकानाचा प्रश्न नाही. २०११ मध्ये भारतातल्या बारा केंद्रांवरच्या त्वचातज्ज्ञांनी मिळून केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांना ते डॉक्टरने सांगितलेलंच नव्हतं, आणि दहातल्या नवांना त्याचे दुष्परिणाम झालेले होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने चौदा स्टेरॉइड मलमांच्या चिठ्ठीशिवाय विक्रीवर बंदी घातली. बंदी कागदावर आली, काउंटरपर्यंत पुरती पोचली नाही.

ट्यूबपेक्षा वाईट म्हणजे बिनलेबलचा डबा. पार्लरमध्ये किंवा ओळखीतून मिळणारी 'खास' क्रीम. त्यात पारा असू शकतो. पारा मेलॅनिन बनूच देत नाही, म्हणून गोरेपणा झटकन येतो. पण तो कातडीतून शरीरात शिरतो आणि मूत्रपिंडं धरतो. केरळमधल्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळातले मूत्रपिंडाच्या एका विकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यातल्या पंधरा जणांमध्ये त्या विकाराचा एक विशिष्ट, एरवी कमी दिसणारा प्रकार निघाला, आणि त्या पंधरापैकी तेरा जणांनी गोरेपणाची क्रीम लावल्याचं सांगितलं. चेहऱ्यावरचा डाग घालवायला जायचं आणि मूत्रपिंडाचे डॉक्टर शोधत फिरायचं, काय हा सौदा!

आता नेहमीचे आक्षेप.

"आमच्या आजीने कधी काय लावलं होतं?" मान्य. आजीने बेसन-हळद लावली आणि डोक्यावरून पदर घेतला. काम पदराने केलं, श्रेय बेसनाला मिळालं. बेसनाने चेहरा स्वच्छ होतो, तुटलेलं कोलॅजन जुळत नाही. आणि लिंबू चोळून उन्हात जाणाऱ्यांना तर हात जोडून सांगते, लिंबाचा रस आणि ऊन एकत्र आले की फोड येतात आणि आधीपेक्षा काळे डाग पडतात.

"सनस्क्रीन हे श्रीमंतांचे चोचले." हा आक्षेप मी गंभीरपणे घेते. रोज नीट लावायची तर चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढी लागते, घाम आला की दोन-तीन तासांनी पुन्हा. ट्यूब किती दिवस पुरणार? पण म्हणूनच मला आपल्या शेतातल्या बायका भारी वाटतात. साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला आणि तोंडाला घट्ट गुंडाळलेला टॉवेल. उन्हापासूनचं इतकं स्वस्त आणि पक्कं संरक्षण कुठल्याच ट्यूबमध्ये नाही, फक्त त्याची जाहिरात कुणी करत नाही. पुण्यातल्या स्कूटीवरच्या, डोळे सोडून सगळं झाकलेल्या मुलींवर किती विनोद झाले! हसणाऱ्यांनी जरूर हसावं. मुलींनो, स्कार्फ सोडू नका.

मग बिघडलेलं दुरुस्त होतच नाही का? होतं, पण थोडं आणि सावकाश. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बूर गावात ९०३ जणांवर साडेचार वर्षं प्रयोग झाला. २०१३ मध्ये निष्कर्ष आला, की रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी वयस्कर झाली. म्हणजे दुरुस्तीची पहिली पायरी ही की रोजची मोडतोड थांबवायची. दुसरी पायरी ट्रेटिनॉइन. उन्हाने जुनावलेल्या त्वचेवर त्याचा उपयोग होतो हे १९८६ मध्ये त्याच क्लिगमननी दाखवलं. रात्री लावायचं, वाटाण्याएवढं, आधी चेहरा सोलवटतो, फरक दिसायला महिने लागतात, गरोदरपणात अजिबात नाही, आणि सुरू करायचं ते डॉक्टरला विचारूनच. वांगावर अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड आहे, ठरावीक काळापुरतं हायड्रोक्विनोन आहे. वांग नुसत्या दिसणाऱ्या उजेडानेही गडद होतं, म्हणून त्यासाठी आयर्न ऑक्साइड घातलेली रंगीत सनस्क्रीन जास्त कामाची. लेझरचा मोह आवरा, आपल्या त्वचेवर तो चुकला तर डाग वाढतात. आणि चेहऱ्यावरची एखादी जखम आठवडे उलटले तरी भरत नसेल तर तो सौंदर्याचा प्रश्न नाही, सरळ डॉक्टर गाठा.

यातलं काहीही तुम्हाला गोरं करणार नाही. करायचंही नाही! दुरुस्ती म्हणजे तुमच्याच रंगाची निरोगी त्वचा.

इथेच खरं भांडण आहे. आपली भाषा बघा. पुरुषाचा चेहरा उन्हाने 'रापतो', आणि रापलेला चेहरा म्हणजे कष्टाळू, मर्दानी. बाई मात्र 'काळवंडते'. तेच ऊन, तेच मेलॅनिन! स्थळाच्या जाहिरातीत आपण 'निमगोरी' असा शब्द काढला, जगातल्या किती भाषांत असा शब्द असेल? १९७५ मध्ये बाजारात आलेल्या फेअर अँड लव्हलीचं २०२० मध्ये ग्लो अँड लव्हली झालं. पाटी बदलली. आपल्या घरातली पाटी बदलली का? "उन्हात जाऊ नकोस, त्वचा खराब होईल" आणि "उन्हात जाऊ नकोस, काळी होशील" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं आरोग्याचं आहे. दुसरं ऐकून मोठी झालेली मुलगी लग्नाआधी दोन महिने गुपचूप ट्यूब आणते.

म्हणून माझ्या मागण्या थोड्या आहेत. मेडिकलवाल्या माझ्या व्यवसायबंधूंनो, चिठ्ठी मागा. गिऱ्हाईक पलीकडे जाईल, जाऊ दे. सगळ्यांनीच मागितली तर पलीकडे उरणार नाही. बायांनो, घरातल्या सगळ्या ट्यूबांवरची नावं आज वाचा. शेवटी 'सोन' किंवा 'सोलोन' असेल, किंवा क्लोबेटासॉल लिहिलं असेल, आणि महिनोन्‌महिने लावत असाल, तर एकदम बंद करून आग सोसत बसू नका, त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. हळूहळू सोडवता येतं. वेळ लागतो, पण चेहरा सावरतो.

आणि आत्या, काकू, मावशी, तुम्हा सगळ्यांना एवढंच. हळदीला उभ्या राहिलेल्या मुलीला "किती गं काळवंडलीस" असं म्हणणं यंदापासून बंद. त्यासाठी ना चिठ्ठी लागते, ना पैसे.