यंत्रमानवांचा बिगरहंगामी खेळ : नियम कोणी करावेत?



रब्बी निघाली की रान मोकळे होते; पण विहिरीला पाणी असले तर आपण उन्हाळी मूग घेतोच. अमेरिकेतील शाळकरी मुलांच्या यंत्रमानवांचेही असेच आहे.

डीन केमन या संशोधकाने १९८९ साली तेथे ‘फर्स्ट’ ही संस्था काढली. १९९२ साली न्यू हॅम्पशायर राज्यातील मँचेस्टर येथे, एका शाळेच्या व्यायामशाळेत, २८ चमूंची पहिली स्पर्धा झाली. आता दर जानेवारीत संस्था नवा खेळ जाहीर करते, मुले यंत्र बांधतात आणि एप्रिलमध्ये अंतिम सामने होतात. मुंबईच्या मुलांनीही या स्पर्धेत भाग घेतला आहे.

एप्रिलनंतर एवढे कष्टाचे यंत्र गोठ्यात बांधून ठेवायचे काय? म्हणून तेथील चमू, शिक्षक व पालक मिळून सुट्टीत आपल्या स्पर्धा भरवतात. इंडियाना राज्यात जुलैमध्ये भरणारी स्पर्धा प्रसिद्ध आहे. खेळ त्याच वर्षीचा, यंत्रेही तीच; नियमांत मात्र थोडा फेरफार. कोठे वजनाची मर्यादा सैल करतात, कोठे गुणांची पद्धत बदलतात. काही ठिकाणी तर यंत्र फक्त मुलींनीच चालवायचे असते. एरवी मागे राहणाऱ्या पोरीच्या हाती त्या दिवशी यंत्र येते.

मग प्रश्न येतो, हे नियम करायचे कोणी? मूळ संस्थेने केले तर सगळीकडे सारखेपणा राहील, पण मुलींच्या सामन्यासारखी कल्पना वरून सुचणे कठीण. सगळे यजमानावर सोडले, तर आपल्याच यंत्राला सोयीचा नियम करण्याचा मोह होणार. यजमानाचा चमूही पुष्कळदा मैदानात असतो!

माझे मत असे. धुळे-नाशिककडील फड पद्धतीत पाण्याची पाळी लाभधारक शेतकरी मिळून ठरवीत, आणि पाटकरी ती पाळून पाणी देई. येथेही तसेच व्हावे. वीज, बॅटरी, डोळ्यांवरचा चष्मा, म्हणजे सुरक्षिततेचे नियम मूळ संस्थेचेच राहावेत. त्यांत कोणी सूट देऊ नये. खेळातील फेरफार यजमानाने भाग घेणाऱ्या चमूंना विचारून करावेत. त्या बैठकीत मुलांनाही बोलू द्यावे. यंत्राची नस त्यांनाच ठाऊक असते. नियम एकदा जाहीर झाला की स्पर्धेच्या दिवशी बदलू नये. आणि ज्या बदलापायी गरीब चमूला नवा सुटा भाग विकत घ्यावा लागेल, तो बदल करूच नये.

हे दूरदेशीचे म्हणून सोडून देऊ नका. केंद्र सरकारने २०१६ साली सुरू केलेल्या अटल मोहिमेतून सहावी ते बारावीच्या मुलांसाठी शाळांत प्रयोगशाळा उघडल्या आहेत. खेड्यांतील शाळाही त्यांत आहेत. उद्या आपल्या मुलाने सुट्टीतील स्पर्धेसाठी पैसे मागितले, तर देण्यापूर्वी गुरुजींना तीन गोष्टी विचारा :

१. नियम कोणी केले, आणि ते लेखी आहेत काय?

२. ते यंत्र बांधण्यापूर्वी कळले काय?

३. तक्रार झाली तर निवाडा कोण देणार? तो स्वतः स्पर्धक तर नाही ना?

तिन्ही उत्तरे नीट मिळाली, तर मुलाला खुशाल पाठवा. मुलगी असेल तर तिलाही पाठवा.