परवाना कोणाच्या संरक्षणाचा?

९ डिसेंबर २०२४ रोजी बीड जिल्ह्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची अपहरण करून निर्घृण हत्या झाली आणि मराठवाड्यातील एक जुने गुपित चव्हाट्यावर आले. एकट्या बीड जिल्ह्यात शस्त्रपरवान्यांची संख्या बाराशेच्या वर होती. ज्यांच्यावर गुन्हे नोंदलेले होते अशांच्या कमरेलाही शासनमान्य पिस्तुले होती. गदारोळ उठल्यावर प्रशासनाला जाग आली आणि २०२५ साली शंभराहून अधिक परवाने रद्द करण्यात आले. जे परवाने एका फेरतपासणीत रद्द होण्याजोगे ठरले, ते मुळात दिले कोणी आणि कोणाच्या शिफारशीने, हा प्रश्न मात्र अनुत्तरितच राहिला.

त्याला बगल देण्यासाठी काही युक्तिवाद हिरिरीने मांडले जातात. पहिला असा की, देशमुखांची हत्या बंदुकीने झालीच नाही आणि गुन्हेगार वापरतात ती शस्त्रे बेकायदेशीर असतात. मग परवानाधारकांवर राग का? देशात बेकायदा शस्त्रे उदंड आहेत, हे खरेच. ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ या संस्थेच्या २०१७ सालच्या अंदाजानुसार भारतात नागरिकांच्या हाती सुमारे ७ कोटी १० लाख बंदुका होत्या आणि त्यांपैकी नोंदलेल्या एक कोटीहूनही कमी होत्या. परंतु बंदुकीचे कार्य गोळी सुटल्यावरच सुरू होते, हा समज भाबडा आहे. वाळूच्या ठेक्यावर, परळीच्या औष्णिक केंद्राच्या राखेवर, पवनचक्क्यांच्या कामावर ज्यांना हुकमत हवी असते, त्यांना गोळी क्वचितच झाडावी लागते. सदऱ्याआडून पिस्तूल दिसले की पुरे. मस्साजोग प्रकरणाच्या आरोपपत्रातही मूळ कारण म्हणून पवनचक्की कंपनीकडे मागितलेल्या खंडणीचाच उल्लेख आहे. बेकायदा कट्टा लपवावा लागतो. परवान्याचे पिस्तूल उजळ माथ्याने मिरवता येते. दहशतीला राजमुद्रा मिळते ती इथे!

शासनालाही हे पुरते ठाऊक आहे. निवडणूक जाहीर झाली की निवडणूक आयोगाच्या आदेशान्वये परवानाधारकांची शस्त्रे छाननी करून पोलीस ठाण्यात जमा करून घेतली जातात. हे कशासाठी? कायदेशीर बंदूकही मतदाराला धाक घालू शकते, याचीच ती कबुली नव्हे काय? मग जो धाक मतदानाच्या काळात लोकशाहीला घातक ठरतो, तो उरलेली साडेचार-पावणेपाच वर्षे ग्रामसभेत, बाजार समितीत आणि साखर कारखान्याच्या सर्वसाधारण सभेत निरुपद्रवी कसा होतो?

दुसरा युक्तिवाद इतिहासाचा आधार घेतो. ब्रिटिशांनी १८७८ च्या कायद्याने भारतीयांना निःशस्त्र केले. त्या कायद्यावर गांधीजींनीही कठोर टीका केली. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क समाविष्ट होता. हे सारे खरे आहे. पुढे प्रजा समाजवादी पक्षाचे खासदार झालेले ह. वि. कामत यांनी डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हाच हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती मांडली होती, हेही आपण विसरू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. आक्रमणाची हवी ती साधने बाजारातून विनाअडथळा विकत घेण्याचा हक्क प्रत्येकाला दिला तर राज्यकारभार चालणार कसा, असा त्यांचा सवाल होता. राष्ट्र संकटात असेल तेव्हा शस्त्र हाती घेणे हे नागरिकाचे कर्तव्य. आग्रह धरायचा तर त्या कर्तव्याचा धरा, असे त्यांनी सुचविले. घटनेने सभेचे स्वातंत्र्य दिले तेही शांततेने आणि विनाशस्त्र जमण्याचे. परकीय सत्तेने लादलेले निःशस्त्रीकरण आणि प्रजासत्ताकाने स्वतःवर घालून घेतलेले बंधन यांत महदंतर आहे.

तिसरा युक्तिवाद आपल्याच बाजूच्या काही तरुण कार्यकर्त्यांकडून येतो, म्हणून तो अधिक गांभीर्याने घ्यावयास हवा. धनदांडग्यांना बंदुका मिळतात, तर दलितांना आणि भूमिहीनांना का नकोत? कायद्यात त्याला आधारही आहे. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असे १९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम १४ सांगते. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५ च्या नियमांत, आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना परवाने देण्याची तरतूद आहे. नामांतराच्या काळात, १९७८ साली, मराठवाड्यात ज्यांच्या वस्त्या जळाल्या त्यांच्या मनात हा विचार आला तर त्यांना दोष कोण देईल?

तथापि हिशेब मांडून पाहू. परवान्याच्या पिस्तुलाची किंमत लाखाच्या आसपास जाते. वर्षातले निम्मे महिने कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या तळावर राहणाऱ्या बीडच्या ऊसतोड मजुराला हा समान हक्क कोणत्या उचलीतून परवडणार? आणि त्याने उद्या एक पिस्तूल घेतलेच, तर गढीवरचा माणूस पाच अंगरक्षक उभे करील. शस्त्रांच्या शर्यतीत एकाची सुरक्षितता वाढते ती दुसऱ्याच्या असुरक्षिततेतून. शर्यतीअंती सारेच अधिक असुरक्षित होतात आणि जिंकतो तो भांडवलवाला. अमेरिकेने हा प्रयोग करून पाहिला आहे. तेथे आज माणसांपेक्षा बंदुका अधिक आहेत आणि वर्षाला चाळीस हजारांहून अधिक माणसे बंदुकीने मरतात. त्यांतल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. सुरक्षितता ही पाणी आणि शिक्षणाप्रमाणे सार्वजनिक सेवा आहे. ती ऐपतीप्रमाणे विकत घ्यावयाची वस्तू झाली, की शासन गरिबाच्या रक्षणाच्या जबाबदारीतून मोकळे होते.

शिवाय त्याच १९९५ च्या नियमांत आधीचे एक कलम आहे, ते सोयीस्करपणे विसरले जाते. अत्याचारप्रवण क्षेत्रांत दलित-आदिवासी नसलेल्यांचे शस्त्रपरवाने रद्द करून ती शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करावीत, असे ते सांगते. आपला आग्रह याच कलमाच्या अंमलबजावणीसाठी असला पाहिजे. दुर्बलाच्या हाती बंदूक देण्यापूर्वी प्रबळाच्या हातातली काढून घ्या!

यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. कलम १७ अन्वये परवाना निलंबित वा रद्द करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना, आणि शहरात पोलीस आयुक्तांना, आजही आहे. २०१९ च्या दुरुस्तीने बेदरकारपणे हर्षगोळीबार करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. पण त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली, म्हणजे तपासणीची वेळ लांबवली. रानडुकरांपासून पीक राखणाऱ्या शेतकऱ्याच्या ठासणीच्या बंदुकीशी आपले भांडण नाही. मराठवाड्याच्या प्रत्येक जिल्ह्यात परवानाधारकांची संख्या, परवान्याचे कारण आणि शिफारस करणाराचे नाव जाहीर झाले पाहिजे. गुन्हा नोंदला जाताच परवाना निलंबित झाला पाहिजे आणि नूतनीकरणापूर्वी ग्रामसभेचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे.

साथींनो, माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावयास दहा रुपये लागतात. आपल्या तालुक्यातल्या परवान्यांचा हिशेब मागण्यास तेवढे भांडवल पुरेसे आहे. ज्या गावात सरपंचाला खंडणीखोरांना ‘नाही’ म्हणण्यासाठी प्राणांची किंमत द्यावी लागते, तेथे कोणाच्या कमरेला काय आहे, हे विचारण्याचा पहिला हक्क निःशस्त्र नागरिकाचा आहे. तो त्याने बजावलाच पाहिजे.