तलावाची शीव कोणती?

भोपाळचा मोठा तलाव राजा भोजाने अकराव्या शतकात बांधविला, अशी परंपरा आहे. आजही त्या शहरातील लाखो लोक त्याचेच पाणी पितात. असे असता त्याच्या काठाचा तंटा मिटत नाही. कारण काठ कोणता, याविषयीच एकमत नाही.

२००९ साली अवर्षणाने तलाव आटून विस्तीर्ण तळ उघडा पडला. अशा जमिनीस आम्ही शेतकरी गाळपेर म्हणतो. पीक घेतो आणि पाणी चढण्यापूर्वी ती सोडतो. शहरवस्तीत मात्र तेथे भराव पडतो, भिंत उठते. आणि भिंत काही मागे सरत नाही.

सबब आमचे मत असे की, शीव उन्हाळ्यातील पाण्यावरून न धरता पूर्ण भरल्या तलावाच्या रेषेवरून धरावी. भोपाळास ती १६६६.८० फूट ठरलेली आहे. तेथे दगड रोवून महसुली दप्तरात नोंद व्हावी. २०१७ च्या पाणथळ नियमांनी सरासरी कमाल पूररेषेपासून ५० मीटरांत पक्क्या बांधकामास मनाई केली आहे. परंतु जाग्यावर खूणच नसेल तर मोजणी कोठून करावयाची?

शेताचा बांध कोरणाऱ्या शेजाऱ्यास आपण क्षमा करीत नाही. मग तलावाची शीव कोरणारास ती का असावी?