‘विरघळते’ म्हणजे ‘निर्धोक’ नव्हे




आमवाताने खराब झालेल्या हाताच्या सांध्यात विणलेली, विरघळणारी चकती बसवण्याच्या उपचाराबद्दल सांगताना ‘शरीरात परके काही उरत नाही’ यावरच भर दिला जातो. हा भर दिशाभूल करणारा आहे. चकती विरघळत असताना शेजारच्या हाडाचे काय होते, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर प्रत्येक सांध्यासाठी वेगळे शोधावे लागते.

फिनलंडमध्ये विकसित झालेली ही चकती पॉलिलॅक्टाइडच्या धाग्यांची असते. धाग्यांमधल्या पोकळ्यांत रुग्णाचीच तंतुमय ऊती वाढते, धाग्याचे हळूहळू लॅक्टिक आम्ल होते आणि काही वर्षांनी दोन हाडांमध्ये शरीराने घडवलेली गादी उरते. कल्पना खरोखर सुंदर आहे. बोटांच्या मुळाच्या सांध्यांत ती बऱ्यापैकी साधलीही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या फिनिश चाचणीत ५२ आमवातग्रस्तांच्या १७५ सांध्यांत ही चकती किंवा स्वॉन्सन यांच्या रचनेचा सिलिकॉनचा कृत्रिम सांधा बसवला होता. दोन वर्षांनी वेदना आणि हाताचे काम यांबाबत दोन्ही गट जवळपास सारखे होते. पण अंगठ्याच्या मुळाशी गणित बदलते. चिमटीत एक किलो जोर लावला, तर त्या सांध्यावर सुमारे १२ किलोंचा भार येतो. तिथे हीच चकती वापरल्यावर हाड विरघळल्याचे आणि परक्या पदार्थाविरुद्ध दाह झाल्याचे २०१६ मध्ये फिनलंडच्याच शल्यचिकित्सकांनी प्रसिद्ध केले. आपल्याच देशात घडलेल्या उपचाराचे अपयश त्यांनी उघड मांडले, याचे मोल मोठे आहे.

यावर कोणी म्हणेल की सिलिकॉनचे सांधेही मोडतात. खरे आहे, दहा-पंधरा वर्षांच्या पाठपुराव्यात निम्म्याहून अधिक मोडलेले आढळले आहेत. पण त्यांच्या दोषांची ओळख अर्ध्या शतकाची आहे आणि मोडलेला सांधाही पुष्कळदा काम देत राहतो. गेलेले हाड मात्र परत आणता येत नाही. शिवाय अंगठ्याच्या मुळाशी झिजलेले ट्रॅपिझियम हाड नुसते काढून टाकणे, या जुन्या शस्त्रक्रियेपेक्षा दुसरी कोणतीही पद्धत सरस असल्याचे चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यांत दिसलेले नाही. नवी वस्तू वापरायची तर ती अधिक चांगली असल्याचा पुरावा देण्याची जबाबदारी वापरणाऱ्यावर येते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मेथोट्रेक्सेट आणि जैविक औषधांमुळे आमवातात अशा शस्त्रक्रिया कमी झाल्या, मग मोठ्या चाचण्यांसाठी रुग्ण आणायचे कुठून? म्हणूनच नोंदवही हवी. फिनलंडने कृत्रिम सांध्यांची राष्ट्रीय नोंद १९८० पासून ठेवली आहे. छोट्या सांध्यांत बसवलेल्या प्रत्येक विरघळणाऱ्या चकतीची तशीच नोंद व्हावी आणि ती सांध्यागणिक वेगळी असावी. चकती क्ष-किरणांत दिसत नाही, हाड दिसते. तेव्हा चकती पूर्ण नाहीशी झाल्यानंतरची छायाचित्रेही त्या नोंदीत बंधनकारक करावीत.

आपला,
एक वाचक